जन्मतः मुका

माझा बाप बहिरा आहे. मुका नाही. या दोन शब्दांत काय फरक आहे हे विचारावंसं ज्यांना कधी वाटलं नाही, अशा शिकल्यासवरल्या माणसांनी त्याचं तोंड बंद केलं. तोंड म्हणजे हात. माझ्या बापाचं तोंड मनगटापासून सुरू होतं.

इचलकरंजीत मगदूम शेठच्या शेडमध्ये तो जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग अडला, कापड वाकडं उतरायला लागलं की पाना घेऊन धावायचं. माग चालू असताना शेडमध्ये धडधाकट कानांचाही काही उपयोग नसतो, त्यामुळे तिथं सगळेच हातानं बोलतात. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, शेठ आला, चहा आला, एवढ्या खुणा आधीपासून होत्या. माझ्या बापानं त्यांत भर घालून घालून पुरी भाषा उभी केली. शेठचं नाव म्हणजे ढेरीवर पट्टा ओढणं. शेजारचे माग चालवणाऱ्या नूरमहंमदचं नाव म्हणजे कानामागची विडी चाचपणं. बाप एका टोकाला उभं राहून अशी शिवी द्यायचा की दुसऱ्या टोकाचा माणूस हसता हसता धागा चुकवायचा. "श्रीशैल बोलायला लागला की माझं कापड कमी पडतंय," असं शेठ म्हणायचा. त्या शेडमध्ये सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बापाचा होता.

आई गिरिजा. तीही जन्मापासून बहिरी. दोघं एकाच शाळेत शिकली, तिथंच भांडली, तिथंच जमलं. मी एकटी ऐकणारी, शिवलीला. शेजारच्या बायका म्हणायच्या, "किती गप घर ओ तुमचं." त्यांना काय माहीत. जेवताना दोघं इतकी बोलायची की आमटी गार व्हायची, आणि भांडण लागलं की भांडीसुद्धा आपोआप वाजायची. आणखी एक. खुणांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. म्हणून इथं आई बापाला अरे-तुरे करताना दिसेल. तो उद्धटपणा नाही, भाषाच तशी आहे.

एका दुपारी त्याच्या हातातून पाना गळून पडला. तो उचलायला वाकला आणि तसाच आडवा झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. जीव वाचला, उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला.

शहरातल्या इस्पितळातून त्याला मिरजेच्या बाजूला नव्या झालेल्या केंद्रात हलवलं. तिथं लकव्याचे हात परत आणून देतात अशी ख्याती होती. दारातच एक बाई माहिती भरून घेत होती.

"पेशंटची वाचा?"

"बहिरे आहेत ते. खुणांनी बोलतात," मी म्हणाले.

"म्हणजे मुके."

"मुके नाहीत हो. चांगले बोलतात. हातानं."

"तेच की ओ ताई. तोंडानं बोलत न्हाईत न्हवं?"

तिनं पडद्यावर बोट टेकवलं. वाचा: जन्मतः नाही.

ज्याला जन्मतः वाचा नाही, त्याची वाचा गेली का हे तपासायचं कारणच उरत नाही. शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांपुढे चित्रांच्या पाट्या धरल्या जायच्या. घोडा, छत्री, कुलूप, हे काय आहे सांगा काका. माझ्या बापापुढे कुणी एक पाटी धरली नाही. तो डाव्या हातानं काहीतरी पुसट करायचा, अर्धवट सोडून द्यायचा. मला वाटलं, डाव्याची सवय नाही. आईलाही तेच वाटलं. मग उपचाराचा भाग म्हणून त्यांनी तो डावा हात जाड मोज्यात बांधून टाकला, म्हणजे पेशंट आळस करत नाही, आजारी हातच वापरतो. पद्धत जुनी आहे आणि बाकीच्यांसाठी बरोबरही आहे. ऐकणाऱ्या माणसाचा हात बांधला तर हातच बांधला जातो.

आता त्या टोपीबद्दल सांगते.

कवटी उघडायची नाही, सुई टोचायची नाही. क्रिकेटच्या हेल्मेटाहून हलकी टोपी, आतून चकत्या लावलेली. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना थोडे दाबून धरत असतात, त्यानं तोल राहतो. एक अर्धा पडला की दुसरा शिरजोर होतो आणि पडलेल्याला उठू देत नाही. टोपी आधी त्या शिरजोर बाजूला हलका प्रवाह सोडून शांत करते. दुसरं काम जास्त नाजूक. आपण हात हलवतो त्याच्या किंचित आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते, आणि ती तयारी डोक्याच्या कातडीवरून वाचता येते. टोपी ती वाचते आणि नेमक्या त्या क्षणाला आजारी बाजूला चुंबकाचा ठोका देते. माणसाची इच्छा आणि टोपीचा ठोका पुनःपुन्हा एकत्र पडले की मोडलेल्या वाटेच्या शेजारून नवी वाट पडते.

इतकं बऱ्याच यंत्रांना जमत होतं. या कंपनीची करामत पुढची होती. लकव्याचा हात नुसता दुबळा नसतो, तो भलतंच करतो. ग्लास धरायला जावं तर खांदा वर येतो, कोपर आखडतो, बोटं मुठीत वळतात. म्हणून कंपनीनं टोपीला कामाच्या हालचाली शिकवल्या. ग्लास उचलणं, किल्ली फिरवणं, गुंडी लावणं, पाना आवळणं, अशा ढीगभर. कामाची हालचाल येतेय असं दिसलं की ठोका आणि हिरवा दिवा. बिनकामाची दिसली की ती उगवायच्या आत दाबायची आणि पिवळा दिवा. त्यामुळे हात चुकीचं शिकत नाही. आम्हाला सांगितलं होतं, पिवळा म्हणजे मेंदू दमलाय, विश्रांती द्या.

टोपी घरी वापरायला मिळाली. बाप रोज ती घालून बसायचा. आई समोर ग्लास, कुलूप, गुंड्यांची पट्टी मांडायची. हात टेबलावरून उठला, मग तोंडापर्यंत गेला, मग किल्ली फिरली. ज्या दिवशी त्यानं स्वतःच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले.

मधूनच तो ग्लास सोडून हात आईकडे उचलायचा. दिवा पिवळा व्हायचा, हात खाली पडायचा. आई त्याच्या गालावरून हात फिरवायची. दमलास, बस आता.

पुढे पुढे त्यानं हात तिच्याकडे उचलणं बंद केलं.

केंद्रात समारंभ झाला. कॅमेरे होते, कंपनीचा कोट घातलेला माणूस होता. बापानं ग्लास उचलला, पाणी प्याला, कुलूप उघडलं, खुंटीला शर्ट अडकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोटवाला म्हणाला, "शंभर टक्के. हा हात आता तुमच्या-माझ्या हातासारखा आहे." मी ते आईला खुणांनी सांगितलं. आईनं बापाकडं वळून विचारलं, "खूश आहेस का?" बापानं तिच्या हातांकडं पाहिलं, हसला, आणि पुन्हा ग्लास उचलला.

आई माझ्याकडं वळली. "हा माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "हाताला शंभर टक्के म्हणतात आणि हा माझ्याशी बोलत नाही."

"बोलेल गं. जीवावरचं दुखणं आहे."

"तू ऐकणाऱ्यांसारखं बोलू नकोस."

बाप शेडमध्ये पुन्हा कामाला लागला. पाना पहिल्यासारखा चालायचा. मी एकदा डबा द्यायला गेले तर तो मागाखाली आडवा होऊन बोल्ट आवळत होता, बाहेर आला तो तेलानं माखलेला आणि खरंच सुखात. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाप तुझा लई सुधारला. आता चहाला थांबत न्हाई, टवाळी न्हाई, काम एके काम. आधी असा असता तर मी बंगला बांधला असता."

नूरमहंमद फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला.

"पोरी, त्याला झालंय काय?"

"हात बरा झाला चाचा."

"हाताचं न्हाई विचारलं मी. काल त्याला शेठची खूण केली, पट्टा ओढून दावला. आधी कसा हसायचा. माझ्याकडं असा बघितला, जसं मी पोट खाजवतोय." मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "शेडमधी लोक हातानं बोलायचे ते त्याच्यामुळं. आता कोण बोलत न्हाई. आमी आपले मागाकडं तोंड करून उभे. माझ्या बायकोला मी म्हणलो, आमच्याकडं एक माणूस बरा होऊन मेला."

घरी पोचले तेव्हा आई दाराकडे पाठ करून भाजी निवडत होती. मी जमिनीवर पाय आपटला, तशी वळली. बाप जेवला, हात धुतला, कुलपाला किल्ली लावून बघितली, झोपला. आमच्या घरात आवाज कधी नव्हताच. आता हालचालही नव्हती. गप घर कसं असतं ते मला त्या दिवसांत कळलं.

आईनं एक गोष्ट धरून ठेवली होती, तो पिवळा दिवा. तिनं मला केंद्रात नेलं, टोपीचे उपचार बघणाऱ्या डॉक्टर केंगारांपुढे बसली आणि म्हणाली, विचार. तो दमला होता तर ग्लास उचलताना पिवळा का नाही लागायचा? माझ्याकडं वळल्यावरच का दमायचा?

मी विचारलं. डॉक्टर केंगार वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी टोपीत साठलेल्या नोंदी उघडल्या, एकेक पिवळी जागा बघत गेल्या, मग खुर्ची माझ्याकडं वळवली.

"हे खुणांनी बोलायचे? म्हणजे नुसते हातवारे, की नीट भाषा?"

"नीट भाषा," मी म्हणाले. "तुमच्या-माझ्यासारखी. तुमच्या बाईंना दारातच सांगितलं होतं मी. त्यांनी 'वाचा जन्मतः नाही' लिहिलं."

त्यांनी जे सांगितलं ते आडवळणानं सांगितलं नाही, तेवढं श्रेय देते. खुणांची भाषा मेंदूत जिथं तोंडाची भाषा असते तिथंच असते, डाव्या बाजूला. गुठळीनं बापाचा हात नेला तशी भाषाही जायबंदी केली होती. उजव्या हातातलीच नाही, डाव्या हातातलीसुद्धा, कारण भाषा हातात नसते. पण ती मेली नव्हती. पहिल्या दिवसांत ती धडपडत होती. तो आईकडं हात उचलत होता तो काहीतरी सांगायला. टोपीनं ते पाहिलं. हात हलणार आहे, पण ग्लास नाही, किल्ली नाही, पाना नाही. यादीत बसत नाही. बिनकामाची हालचाल. आणि तिनं ते दाबलं, प्रत्येक वेळी, उगवायच्या आधी. भाषेची जागा अशी रिकामी पडत गेली, आणि शेजारी वाढणाऱ्या हाताला ठोके मिळत होते, त्यानं ती व्यापून टाकली.

"म्हणजे तो बोलायला गेला की तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवलात," मी म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

आईनं माझा दंड ओढला. काय म्हणतेय ती, सगळं सांग. मी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "उलटं फिरवता येतं का?"

येत होतं, बहुतेक. टोपीला नवं शिकवायचं, खुणा म्हणजे काम. पण व्यापलेली जागा हातानं सोडल्याशिवाय भाषेला मिळणार नव्हती. पकड जाईल, बोटांची बारीक कामं जातील. पाना पुन्हा धरता येईल याची आशा ठेवू नका, डॉक्टर म्हणाल्या. बोलणं किती येईल तेही सांगता येत नाही. आणि हे पेशंटला विचारल्याशिवाय मी करणार नाही.

म्हणून त्याला विचारलं. टेबलावर दोन चित्रं ठेवली. एकात पाना धरलेला हात, दुसऱ्यात समोरासमोर बसून खुणांनी बोलणारी दोन माणसं. डॉक्टर, मी, आई, तिघींनी सोप्यात सोपं करून विचारलं, काय हवं? बाप कितीतरी वेळ बघत राहिला. पान्यावर बोट ठेवलं. मग बोलणाऱ्या माणसांवर ठेवलं. चित्रं अदलाबदल करून मांडली तरी तेच. शेवटी त्यानं दोन्ही चित्रांवर पंजा पसरला आणि आमच्याकडं पाहिलं.

"हे उत्तर धरता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना प्रश्न पोचला नसावा. नीट विचारायला भाषा हवी, आणि भाषा आणण्यासाठीच तर विचारतोय." कायद्यानं मग बायको ठरवू शकत होती.

बसस्टँडच्या बाकावर आम्ही दोघी भांडलो. लोक थांबून बघत होते.

"त्याचं काम जाईल," मी म्हणाले. "मागाखालून बाहेर आला तेव्हाचा चेहरा तू पाहिला नाहीस. त्याला काही कमी वाटत नाहीये आई. कमी तुला वाटतंय."

"हो, मला. मी माणूस नाही का?"

"त्याचा हात आहे तो."

"आणि माझे कान? माझी शेजारीण, माझा रेडिओ, माझं टीव्हीवरचं बोलणं, सगळं मिळून तो एक आहे." तिचे हात इतके जोरात चालले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. "बहिऱ्यांच्या मंडळाच्या बायका महिन्याला एकदा भेटतात. तू कामावरून येतेस, दमलेली असतेस, दोन खुणा करतेस आणि फोनवर तासभर बोलतेस. तुला सगळं गाव आहे बोलायला. माझं गाव रोज ग्लास उचलून दाखवतंय."

मागच्या बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "मुकी हायत बिचारी." मी वळून तिला जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

आईनं सही केली.

टोपी नव्यानं डोक्यावर चढली. काही आठवड्यांतच शेडमध्ये त्याच्या हातातून पाना सटकला आणि नूरमहंमदच्या पायावर पडला. नंतर बोल्ट सापडेना. नंतर शेठनं निरोप पाठवला की आराम करू दे. बाप घरी बसून स्वतःच्या बोटांकडं बघायचा. आम्हा दोघींकडं बघायचा. टोपी घालताना मान फिरवायला लागला, तेव्हा आई त्याच्यापुढे हात जोडून उभी राहायची, आणि तो घालू द्यायचा.

मग खुणा आल्या. पहिल्यांदा एकच आली, धागा तुटला. चहा हवा तरी धागा तुटला, मोरीत जायचंय तरी धागा तुटला, मी कामावर निघाले तरी दारात उभा राहून धागा तुटला. आई हसायची, रडायची, आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर द्यायची, जसं तो शहाण्यासारखं बोलतोय. हळूहळू पाणी आलं, भाकरी आली, माझं नाव आलं. उजवा हात मांडीवर लुळा पडलेला असायचा, बोलायचा तो डावा. नूरमहंमद रविवारी यायला लागला, शेडमधल्या उखाळ्यापाखाळ्या घेऊन. दोघं अंगणात बसायचे. एकदा बाप हसल्याचं मी आतून पाहिलं. आई न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली.

त्यानंतरच्या एका सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो होतो. बापानं कप खाली ठेवला. डावा हात वर आणला, आणि सावकाश, शब्दामागून शब्द जुळवत, पहिल्यांदा पुरं वाक्य बोलला.

"माझा हात कुणी घेतला?"

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं. टोपी, पिवळा दिवा, डॉक्टर, सही. काही लपवलं नाही. तो तिच्या हातांवरून नजर न काढता बघत होता. त्याला समजतंय हे आम्हा दोघींना दिसत होतं, आणि त्याचाच मला आनंद होत होता, अजूनही.

"मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं होतं," आई म्हणाली. "चित्रं ठेवली होती तुझ्यापुढे."

"मी काय म्हणालो?"

आई खोटं सांगू शकली असती. खुणांमध्येही खोटं बोलता येतं, मी पाहिलंय तिला शेजारणींशी माझ्यामार्फत बोलताना.

"दोन्ही म्हणालास," ती म्हणाली.

"दोन्ही म्हणालो," बाप म्हणाला. "मग एकच का दिलंस?"

आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या माणसांच्या भांडणात याहून मोठं काही नसतं. दार आपटून गेलेल्याच्या मागून ओरडता येतं. मिटलेल्या डोळ्यांपुढे काही चालत नाही. आई त्याच्या समोर बसली होती, हात अर्धवट उचललेले, काहीतरी सांगायच्या तयारीत. मी उठले, कामाची वेळ झाली होती. संध्याकाळी परत आले तेव्हा ती तिथंच होती.